आधी भिंत, मग पॅनेल

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातील खानापूरजवळ बेताच्या खर्चात घर बांधायचे आहे. सौर पॅनेलसाठी आत्ताच पैसे राखून ठेवावेत का?

उत्तर : जरूर ठेवावेत, पण आधी पश्चिमेच्या भिंतीचा विचार करावा. सध्याच्या घराच्या त्या भिंतीला उन्हाळ्यात संध्याकाळी आतून हात लावून पाहा, ती तापलेली लागेल. म्हणून नव्या घराला त्या बाजूस जांभ्याची जाड भिंत, लहान खिडक्या आणि पडवी घ्यावी, जी तुमच्याकडच्या धुवाधार पावसातही भिंत कोरडी ठेवील. घर असे थंड राहिले की वीज कमी लागते. पंखेही कमी वीज घेणारे निवडावेत : साधा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा 30 च्या आसपास. एवढे केल्यावर लहान कुटुंबाला 2 किलोवॅटचे पॅनेल बहुधा पुरतात. ते दक्षिणेकडे साधारण 16 अंश कलते बसवावेत. पीएम सूर्यघर योजनेत त्यासाठी 60,000 रुपये अनुदान आहे.