बाबांचा खांदा, आबाजींची अम्बॅसेडर आणि पॉवर स्टीअरिंग

प्रश्न: नमस्कार भाऊ. आमच्या घरी आबाजींनी घेतलेली 1972 ची अम्बॅसेडर मार्क 2 आहे, चालू कंडिशनमध्ये. बाबा 68 वर्षांचे, मागच्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून सरळ रोडवर चालवतात पण बाजारात पार्किंग करताना नाहीतर वाड्याच्या फाटकातून वळवताना हात साथ देत नाही, आणि दुसऱ्या कोणाले चालवू देत नाहीत. इथला मिस्त्री म्हणते का मारुतीचं इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग आणा, शाफ्ट कापून वेल्डिंग करून एका दिवसात बसवून देतो. करू का? – एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, पॉवर स्टीअरिंग लावता येतं, पण शाफ्ट कापून वेल्डिंग बिलकुल करू देऊ नका. वेल्डिंगच्या शेजारचं लोखंड कडक होऊन आतून तडकतं, वरून काहीच दिसत नाही, आणि एखाद्या दिवशी वळणावर शाफ्ट तुटला तर हातात नुसतं चाक राहतं. जोड लागलाच तर तो लेथवर दाते पाडून, बोल्टने आवळणाऱ्या कपलिंगने करायचा, आणि तोही तुमच्या जुन्या शाफ्टवर नाही, नवीन बनवलेल्या शाफ्टवर. जुना कॉलम (शाफ्ट आणि त्याची नळी) आख्खा काढून, तेल लावून, गुंडाळून घरात ठेवा. उद्या तुमच्या पोराला गाडी जशी होती तशी करायची असेल तर तो परत बसला पाहिजे, माझ्या मते आबाजींच्या गाडीवर कोणतंही काम काढताना आधी हे बघायचं आणि मग बाकीचं.

आता खर्च करण्याआधी एक काम करा. गाडीचं तोंड जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, दोन्ही चाकं हवेत, आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. हवेतसुद्धा जड लागलं तर दोष आत आहे, किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) सुकले असतील, ट्रनियनला (त्या खिळीच्या टोकाच्या जोडाला) कित्येक वर्षांत ग्रीस गेलं नसेल, रॅकमधलं (स्टीअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणाऱ्या दात्यांच्या दांड्यातलं) ग्रीस वाळलं असेल. आपल्याकडे काळ्या मातीचा चिखल पावसाळाभर खालून बसतो आणि उन्हाळ्यात विटेसारखा वाळतो, ग्रीस निपलची तोंडं बंद होतात, मिस्त्री गन लावतो पण ग्रीस आत जातच नाही, बाहेरच पसरतं. निपल काढून साफ करा नाहीतर नवीन टाका, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत दाबा. रॅकचे दोन्ही टोकांचे रबरी बूट फाटलेले असतील तर आत माती गेलीच समजा.

हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल तर मग टायर, हवा, अलाइनमेंट आणि वजन बघायचं. या गाडीला कंपनीतून 5.90-15 चे अरुंद टायर येत होते, लोक त्यावर रुंद रेडियल चढवतात आणि मग म्हणतात गाडी जड झाली. पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलंय का तेही बघा, गावाकडच्या कितीतरी अम्बॅसेडरमध्ये टाकलेलं असतं, त्याने पुढचं वजन वाढतं. स्टीअरिंगचं चाक मूळचं मोठं आहे ना? ते मोठं ठेवलंय ते शोभेसाठी नाही, जेवढं मोठं चाक तेवढा कमी जोर लागतो, छोटं स्पोर्ट चाक लावलं असेल तर आधी ते काढा. आणि बाबांना सांगा की उभ्या गाडीत चाक फिरवायचं नाही, गाडी थोडी सरकत असतानाच फिरवायचं, एवढ्यानेही खांद्याला बराच आराम पडतो.

हे सगळं करूनही त्रास होत असेल तरच पॉवर स्टीअरिंग. पंपावर चालणारं हायड्रॉलिक अमेरिकेत क्रायसलरने 1951 ला इम्पिरियल गाडीत बाजारात आणलं, आणि कॉलमवर मोटर बसवलेलं इलेक्ट्रिक 1988 ला जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्होत आलं. नंतरच्या काळात अम्बॅसेडरलाही कंपनीकडून पॉवर स्टीअरिंग मिळत होतं, पण तो रॅक, पंप, पुली, ब्रॅकेट सगळं तुमच्या जुन्या इंजिनवर जमवायचं म्हणजे कापाकापी फार. म्हणून तुमच्यासाठी इलेक्ट्रिकच बरं, इंजिनला हात लागत नाही.

पण इलेक्ट्रिकच्या अडचणी मिस्त्रीने तुम्हाला सांगितलेल्या दिसत नाहीत. पहिली करंटची. जागेवर वळवताना ही मोटर 30-40 अँपिअर सहज ओढते, काही त्याहूनही जास्त. तुमच्या गाडीत मूळचा डायनामो असेल तर तो पूर्ण स्पीडला 20-22 अँपिअरच्या आसपास देतो आणि स्लोवर जवळपास काहीच देत नाही, आणि बाबांना मदत लागणार ती नेमकी स्लोवरच, पार्किंगमध्ये. म्हणजे सगळा भार बॅटरीवर आणि चार दिवसांत धक्का मारायची वेळ. त्यामुळे अल्टरनेटर (डायनामोच्या जागी बसणारा, स्लोवरही करंट देणारा) आधी, स्टीअरिंग नंतर. डायनामो आणि कटआऊट (त्याचा चार्जिंगचा डबा) फेकू नका, तेही कॉलमसोबत ठेवा. आणि बॅटरीची कोणती तार बॉडीला जोडलीय ते बघा, कारण त्या जमान्यातल्या बऱ्याच गाड्यांना प्लस बॉडीला असायचा, तसंच ठेवून इलेक्ट्रिक युनिट लावलं तर त्याचा कंट्रोलर तिथल्या तिथे जळेल. मोटरला बॅटरीवरून सरळ जाड वायर, मध्ये मोठा फ्यूज, इग्निशनवर रिले, जुन्या हार्नेसमधून (गाडीच्या मूळ वायरिंगमधून) करंट घ्यायचाच नाही.

दुसरी अडचण जागेची. तुमच्या गाडीचा गिअर स्टीअरिंगवरच असेल, त्याचा रॉड कॉलमला लागूनच खाली जातो आणि मोटरचा डबाही तिथेच बसवायचा असतो. मोजमाप न घेता युनिट आणलं तर एकतर गिअर अडकतो नाहीतर डबा बाबांच्या गुडघ्याला लागतो. आधी पुठ्ठ्याचा डबा त्या मापाचा करून आत धरून बघा, चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. हॉर्नची तार कशी न्यायची तेही तेव्हाच ठरवा.

तिसरी, युनिट गाडीचा स्पीड विचारतं. नव्या गाडीत स्पीड वाढला की मदत आपोआप कमी होते, जुन्या गाडीत तो सिग्नलच नाही, म्हणून काही युनिट चालतच नाहीत तर काही एकाच जोरावर चालत राहतात. मदत कमीजास्त करायचं बटण असलेला कंट्रोलर बसवा आणि सेटिंग कमीत कमी ठेवा, एका बोटाने फिरेल इतकं हलकं नको, कारण हायवेवर 70 ला गाडी हातात नीट लागली पाहिजे आणि वळणानंतर चाक आपोआप सरळ आलं पाहिजे. मोटरचा सगळा जोर तुमच्या जुन्या जॉइंटमधून आणि रॅकमधूनच खाली जाणार आहे, म्हणून रॅकमध्ये खेळ (ढिलेपणा) असेल तर तो आधी काढा. काम झालं की मोकळ्या मैदानात फ्यूज काढून बाबांना एकदा चालवायला लावा, बंद पडलं तर किती जड होतं ते हातांना माहीत पाहिजे.

आणि भाऊ, बाबा स्वतःच चालवणार म्हणतात ना, चालवू द्या. डॉक्टरांना विचारा, पण ही गाडी त्यांच्या हातातून काढून घेण्यापेक्षा त्यांच्या हाताला सोपी करून देणं केव्हाही चांगलं.

प्रश्न: महिंद्राची जुनी सीजे 3बी जीप आहे, मोठे टायर टाकले तेव्हापासून स्टीअरिंग फिरत नाही. बोलेरोचा पॉवर स्टीअरिंगचा बॉक्स बसेल का? – एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर: बसवतात लोक. पण जीपचा आजार टायरचा आहे, धानाच्या बांधीत जायला मोठे टायर लागतच असतील तर अरुंद आणि उंच घ्या, रुंद नको. पॉवर बॉक्सच्या आधी एक्सलजवळची बेल क्रँक (स्टीअरिंगचा जोर चाकांच्या दांड्यांकडे वळवणारा फिरता तुकडा) तपासा, या जीपमध्ये तिचा बुश झिजणं हे ठरलेलं, त्यावर पॉवरचा जोर आला तर राहिलेलीही जाईल. चेसिसवर बॉक्स जिथे येतो तिथे जाड प्लेट लावून बोल्ट आरपार घ्या, नाहीतर चेसिस तिथेच तडकतं. आणि नवा ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) शक्य तेवढा आडवा राहू द्या, जास्त तिरपा झाला तर खड्ड्यात चाक वर गेलं की स्टीअरिंग आपोआप फिरतं.

प्रश्न: पॉवर स्टीअरिंग लावलं तर व्हिंटेज नंबर मिळतो का? – एक वाचक, वर्धा

उत्तर: 2021 च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल नको. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात व्हीए अक्षरं. बोल्टवर बसलेलं आणि परत निघणारं इलेक्ट्रिक युनिट यातल्या कशालाच हात लावत नाही, चेसिसवर वेल्डिंग केलेला पॉवर बॉक्स मात्र लावतो. तरी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आहेच, म्हणून काम काढण्याआधी आरटीओला लेखी विचारा आणि इन्शुरन्सवाल्यालाही कळवा. एक गोष्ट बरेच जण विसरतात, व्हिंटेज नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामाला रस्त्यावर आणता येते. दारव्ह्याच्या भाऊंसारखं बाजारात न्यायची असेल तर तिची साधी नोंदणीच रिन्यू करत राहा.