जुन्या फोर बाय फोरचं आयडलिंग सारखं वर-खाली होतंय, आयएसी व्हॉल्व (आयडलला हवा कमी-जास्त करणारा) बदलूनही फरक नाही. आता काय बघू?

आधी एक सांगतो, पुढचा पार्ट आत्ताच विकत घेऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात अर्धं निदान आलेलंच आहे. जुनी पेट्रोल गाडी, फ्युएल इंजेक्शनवाली, चिखल-पाण्यातून भरपूर फिरलेली, थंड असताना बरी चालते पण गरम झाली की काटा ८०० वरून १५०० ला जातो, खाली येतो, परत वर जातो, कधी कधी थांबल्यावर बंदच पडते, आणि रस्त्यावर पळताना मात्र काही तक्रार नाही. थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलेटरप्रमाणे इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ झाली, प्लग झाले, आयएसी नवा टाकून झाला, म्हणजे खर्च झाला पण पाणी नक्की कुठे मुरतंय ते कुणी बघितलंच नाही.

अशी गाडी समोर आली की मी बॉनेट उघडायच्या आधी थोडा वेळ नुसतं ऐकतो, कारण वर-खाली होण्यात लय आहे की नाही यावरच पुढचं सगळं ठरतं. अचानक झटका, मग ठीक, मग परत दोन झटके असं वेडंवाकडं चालत असेल तर ते बहुतेक करंटचं दुखणं असतं, म्हणजे प्लग वायर, कॉइल, ढिला कपलर वगैरे. पण तुमच्यासारखं एका ठेक्यात झुलत असेल तर इंजिनात कुठूनतरी आगाऊ हवा शिरतेय आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तिच्याशी झगडतोय असं समजा. होतं काय, हवा जास्त झाल्यामुळे आरपीएम चढतो, ईसीयू आयएसी बंद करत करत शेवटाला जातो तरी आरपीएम उतरत नाही, मग त्याला दिसतं की थ्रॉटल बंद आहे पण इंजिन तर फिरतंय जोरात, म्हणजे गाडी उतारावर असेल, आणि तो पेट्रोल तोडतो. आरपीएम धाडकन खाली येतो, पेट्रोल परत चालू होतं, परत चढतो. हा झोका तुम्हाला काट्यावर दिसतोय. थंड असताना ईसीयूला आयडल मुळातच जास्त हवं असतं आणि पेट्रोलही जास्त सोडलेलं असतं म्हणून तेव्हा हे झाकलं जातं, आणि पळताना थ्रॉटलमधून इतकी हवा येते की त्यात ही थोडीशी कुठे जाणवतच नाही.

तेव्हा पहिली टेस्ट फुकटची आहे. मॅप सेन्सरवाली (इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब मोजणारी) गाडी असेल तर इंजिन गरम आणि चालू असताना थ्रॉटलच्या तोंडावरचा पाईप काढा, आत बटरफ्लायच्या (थ्रॉटलच्या झडपेच्या) आधी आयएसीचं हवेचं भोक दिसेल, ते अंगठ्याने बंद करा (फॅन आणि बेल्टपासून बाह्या सांभाळा). इंजिन मरायला आलं किंवा बंद पडलं तर बाहेरून मोठी गळती नाही. भोक बंद असूनही आरामात चालत राहिलं तर हवा दुसरीकडून येतेय, आणि मग कितीही नवे आयएसी टाका, काही उपयोग नाही. एअर फ्लो मीटरवाल्या गाडीत मात्र तो पाईप काढला की इंजिन बंदच पडेल, तिथे आयएसीकडे जाणारा होज असेल तर तो बोथट पक्कडने दाबून तेच बघायचं.

आता हवा शिरते कुठून. सगळे मॅनिफोल्डजवळचे होज बघतात, ते बघाच, पण ऑफरोड गाडीत एक जागा असते जी साध्या कारच्या मेकॅनिकच्या डोक्यातच येत नाही, ती म्हणजे फोर बाय फोरची व्हॅक्युम लाईन. बऱ्याच जुन्या गाड्यांत, चेरोकी घ्या, पजेरो घ्या, जिम्नी घ्या, पुढचा ॲक्सल किंवा हब जोडायला इंजिनचाच व्हॅक्युम (हवा खेचण्याचा जोर) वापरलाय, आणि त्याचे बारीक होज इंजिनपासून खाली चॅसीसवरून थेट ॲक्सलपर्यंत जातात, जिथे दगड, काटेरी फांद्या, चिखल हे सगळं लागतं. गाडीखाली झोपून तो होज हाताने चाचपत शेवटापर्यंत जा. नुसता बघून कळत नाही, रबर वरून काळं कुळकुळीत आणि चांगलं दिसतं पण जिथे क्लिपमधून वळतं तिथे दुमडून बघितलं की आतून बारीक बारीक चिरा उघडतात, आणि टोकाला जिथे नळीवर बसतो तिथे तर बोटाने ओढला तरी हातात येतो. सोपी खूण म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून फोर बाय फोर टाका आणि काढा, आयडलमध्ये फरक पडून तो तसाच टिकला तर शोध जवळजवळ संपला (क्षणभर हलून परत जागेवर आलं तर ते साहजिक आहे). खात्रीसाठी मॅनिफोल्डवरून ती लाईन काढून तोंडाला रबरी टोपी लावा आणि चालवून बघा.

तिथे काही नाही निघालं तर ब्रेक बूस्टर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्युमवर ब्रेक हलका करणारा डबा. ब्रेक दाबून ठेवल्यावर आयडल बदलून तसंच राहतं का, पायाशी सुस्स असा आवाज येतो का हे बघा, आणि येत असेल तर आयडलचं नंतर, आधी ब्रेकचं काम करून घ्या. मग पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा), काढून हलवला की आत खुळखुळ वाजला पाहिजे. मॅप सेन्सरचा स्वतःचा बारीक होजही चिरतो आणि मग तो ईसीयूला खोटंच सांगत बसतो. इनटेक मॅनिफोल्डचे नट खडकाळ रस्त्यावर ढिले होतात, गॅसकेट दबून निकामी झालेलं असतं, त्यात इंजिन माउंट गेलेला असेल तर इंजिन हलताना होज ओढले जातात, म्हणून तेही हलवून बघा. गळती शोधायला खूप जण कार्ब क्लीनर मारतात पण गरम एक्झॉस्टवर ते पेट घेऊ शकतं, मी साबणाचं पाणी फवारतो, जिथे मारल्यावर इंजिनचा आवाज बदलतो ती जागा, फक्त कॉइल आणि प्लग वायरवर उडवू नका. जवळपास कुणाकडे स्मोक मशीन (आत धूर सोडून गळती दाखवणारं) असेल तर मग प्रश्नच मिटला.

दुसरी एक जागा जी मला जवळजवळ दर जुन्या गाडीत सापडते: थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू. गाडी बंद पडते म्हणून कुणीतरी कधीतरी तो आत फिरवून रेस वाढवून ठेवलेली असते. स्क्रूवर कंपनीचा रंगाचा ठिपका असतो, तो फुटलेला असेल तर समजा हात लागलाय. आता थ्रॉटल पूर्ण मिटत नाही, त्यामुळे टीपीएस (थ्रॉटल किती उघडलाय ते मोजणारा सेन्सर) ईसीयूला सांगतो की पाय अजून ॲक्सिलेटरवर आहे, आणि ईसीयू आयडलच्या मोडमध्ये जातच नाही. मीटर असेल तर थ्रॉटल बंद असताना टीपीएसचा सिग्नल बघा, बऱ्याच गाड्यांत साधारण अर्धा ते एक व्होल्ट असतो आणि पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. उघडताना तो सलग चढला पाहिजे, मधे एकदम पडला तर टीपीएस झिजलाय.

आणि रेडिएटर. हे ऐकून लोक माझ्याकडे बघतच राहतात पण कूलंट कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तरी आयडल अगदी असंच झुलतं, कारण जुन्या इंजिनांत थंडपणी जादा हवा देणारा जो मेणाचा व्हॉल्व असतो तो कूलंटच्या उष्णतेवर चालतो, त्याच्याभोवती गरम कूलंटऐवजी हवेचा बुडबुडा आला तर त्याला वाटतं इंजिन थंड आहे आणि तो उघडतो. टेम्परेचर सेन्सरचंही तसंच. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून लेव्हल बघा, गाडीचं तोंड चढावर ठेवून हवा काढा. मी तर होजला हात लावायच्या आधी हेच करतो.

पाण्यातून गेलेल्या गाडीत अर्थिंग सोडू नका. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकला, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं पत्रा चमकेपर्यंत घासा. टीपीएस आणि आयएसीचे कपलर उघडून हिरवट गंज आहे का तेही बघून घ्या.

एवढ्याने नाही सुटलं तर व्हॅक्युम गेज लावा, साधं उपकरण आहे पण स्कॅनरपेक्षा जास्त सांगतं, आणि तुमची गाडी १९९६ च्या आधीची असेल तर तसंही स्कॅनरला फारसं काही मिळणार नाही. गरम इंजिनला आयडलवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) आणि काटा स्थिर पाहिजे, उंचावर राहत असाल तर दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरा. स्थिर पण बराच खाली असेल तर हवा शिरतेय किंवा टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे आहे. ठराविक वेळाने टक टक करून पडत असेल तर एखादा व्हॉल्व नीट बसत नाहीये, मग कॉम्प्रेशन टेस्टच (सिलिंडरमधला दाब मोजणं) करावी लागेल.

दोष सापडून दुरुस्त झाला की बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवा, कारण ईसीयूने इतके दिवस गळतीच्या हिशोबाने सवय लावून घेतलेली असते आणि ती पुसली नाही तर पहिले काही किलोमीटर गाडी उगाच विचित्र वागते आणि माणसाला वाटतं काम झालंच नाही. गाडीचं मॉडेल, अंगठ्याच्या टेस्टला काय झालं आणि फोर बाय फोर टाकल्यावर आयडल बदललं का, एवढं कळवा, मग पुढचं नेमकं सांगता येईल.