प्रुसास्लायसर या थ्रीडी प्रिंटिंगच्या सॉफ्टवेअरमधली माझी प्रोफाइल्स (सेव्ह केलेली सेटिंग्ज) विंडोजमध्ये नेमकी कुठे सेव्ह होतात? नव्या कॉम्प्युटरवर न्यायची आहेत.

प्रोग्रॅम फाइल्समध्ये शोधू नका, तिथे फक्त सॉफ्टवेअर असतं. तुमच्या फाइल्स सी ड्राइव्ह > युजर्स > तुमचं युजरनेम > अ‍ॅपडेटा > रोमिंग > प्रुसास्लायसर इथे असतात. अ‍ॅपडेटा हे फोल्डर मुळातच लपवलेलं असतं, म्हणून बहुतेकांना ते सापडत नाही. सोपा मार्ग म्हणजे सॉफ्टवेअरच्या हेल्प मेनूत ‘शो कॉन्फिगरेशन फोल्डर’वर क्लिक करा, थेट तिथेच पोचाल.

आत प्रिंट, फिलामेंट आणि प्रिंटर अशी तीन फोल्डर्स दिसतील. तुम्ही स्वतःच्या नावाने सेव्ह केलेल्या प्रत्येक प्रोफाइलची त्यात एक आयएनआय फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडली की लेयरची उंची, तापमान सगळं साध्या मजकुरात वाचता येतं. कंपनीची तयार प्रोफाइल्स मात्र व्हेंडर फोल्डरमध्ये असतात. तुमचं प्रोफाइल बहुधा त्यांच्यावरच बेतलेलं असतं, म्हणून सुटी आयएनआय फाइल उचलून नेण्यापेक्षा अख्खं फोल्डर कॉपी करा.

त्याआधी प्रोग्रॅम बंद करायला विसरू नका, कारण बंद होताना तो सेटिंग्जची मुख्य फाइल पुन्हा लिहितो. बीटा आवृत्ती वापरत असाल तर तिचं फोल्डर वेगळं असतं, तेही बघा.

मॉडेल्स आणि जी-कोड (प्रिंटरला द्यायच्या सूचनांच्या फाइल्स) इथे मिळणार नाहीत. ते तुम्ही जिथे सेव्ह केले तिथेच असतात.