मित्राने गाडी नेली, चोरी त्याने केली, मग मी आरोपी कसा?

तुझं म्हणणं एवढंच की मित्राने रात्रीपुरती बाईक मागितली, तू दिलीस, त्याने दुकान फोडलं, आणि तू तर तिथे नव्हतासच. पण 'तिथे नव्हतो' एवढ्यावर कोणी सुटत नाही भाऊ. १ जुलै २०२४ नंतरचा गुन्हा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ४५ बघ (आधीचं आयपीसी १०७), चिथावणी, कट आणि जाणूनबुजून केलेली मदत, तिन्ही त्यात येतात आणि ४९ नुसार शिक्षा साधारण मूळ गुन्ह्याचीच.

सगळा खेळ त्या 'जाणूनबुजून'वर आहे. श्रीराम केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की एखाद्याला सहज म्हणून बोलावलं आणि त्यामुळे मारेकऱ्यांचं काम सोपं झालं तरी बोलावणारा दोषी नाही, मदत करायचा हेतू पाहिजे. म्हणजे गाडी दिली हा गुन्हा नाही, कशासाठी हे माहीत असून दिली हा गुन्हा, आणि ते माहीत होतं का हे पोलीस तुझ्या तोंडापेक्षा तुझ्या व्हॉट्सअॅपवरून ठरवणार. 'काम झालं की टाकी फुल करून दे' असलं काही लिहिलं असशील तर त्या 'काम'चा अर्थ सांगत बसावं लागेल.

बाहेर नुसता उभा राहणाराही वाचत नाही बरं का. १९२४ ची बारेंद्रकुमार घोष केस, पोस्टमास्तरचा खून, आरोपी घोष म्हणाला मी अंगणात उभा होतो, गोळी मी झाडली नाही, प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) तरी खुनाची शिक्षा कायम ठेवली, कारण इरादा सगळ्यांचा एकच (आता कलम ३(५)).

गुन्हा झाल्यावर त्याला वाचवायला घरात लपवलंस तर ते वेगळं कलम, २४९. त्यात नवरा-बायकोला सूट आहे, आईबाप, भाऊ, दोस्त यांना नाही. पुरावा नष्ट केला तर २३८, तिथे बायकोलाही सूट नाही, त्यामुळे घाबरून चॅट डिलीट करायच्या भानगडीत अजिबात पडू नकोस.

आता तुला आलेली पोलिसांची नोटीस काढून नीट वाच. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा कायदा) कलम १७९ ची असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय, ३५(३) ची असेल तर संशय तुझ्यावरच आहे, मग वकिलाशी बोलल्याशिवाय जबाब देऊ नकोस, पण तारखेला हजर राहा, गेला नाहीस तर अटकेला आयतं कारण मिळतं.