वाशी हे समुद्रात भराव घालून केलेलं कृत्रिम बेट आहे का? तिथे घर घ्यावं का?

बेट नाही. पूर्वेला तुर्भे, त्याच्यामागे पारसिकचे डोंगर, अशी वाशी जमिनीला नीट जोडलेली आहे. भरावाचं मात्र तुम्ही बरोबर ऐकलंय. मी १९८८ पासून इथे राहते, त्यातली पहिली नऊ वर्षं तळमजल्यावर काढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाशीगाव, जुहूगाव ही मूळची आगरी-कोळ्यांची गावं. भोवती खाजणं (भरतीचं पाणी शिरणारी दलदल), मिठागरं आणि बांध घालून खाडीकडून मिळवलेली भातशेती. खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात मांडली. १९७० साली ते वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९७३ ला खाडीवरचा पहिला पूल खुला झाला आणि पुलाच्या तोंडाशी असलेली वाशी आधी उभी राहिली. लोकल यायला १९९२ उजाडलं. जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली, पण ती सुखासुखी नाही. जानेवारी १९८४ मध्ये उरणकडे, जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. नवी मुंबईच्या विमानतळाला या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचंच नाव हवं असा इथल्या लोकांचा आग्रह का होता, ते यावरून कळेल.

आता भरावाबद्दल. सगळी जमीन मोठ्या भरतीच्या वर उचलायची तर मुरमाचे डोंगरच ओतावे लागले असते. म्हणून नवी मुंबईत खाडीलगतच्या भागांसाठी दुसरा मार्ग धरला. भराव बेताचा, खाडीच्या बाजूने बांध, आणि आत मोठमोठे धारण तलाव. रस्त्यावरचं पाणी नाल्यांतून तलावात येतं. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेल्या झडपा असतात. भरती चढली की खाडीचं पाणीच त्या झडपा दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने त्या बाहेर उघडतात. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. म्हणजे वाशीला बेटापेक्षा वाटी म्हटलेलं जास्त बरोबर.

याला सगळे ‘डच पद्धत’ म्हणतात. मीही म्हणायचे. जुहूगावचे एक काका आमच्याकडे बोईट आणि चिंबोऱ्या घेऊन यायचे. एकदा मिनी सीशोर या इथल्या फिरायच्या जागेपाशी भेटले, तेव्हा मी त्यांना मोठ्या कौतुकाने ही झडप समजावून सांगायला लागले. ते म्हणाले, “आवं ताय, ही त आमची उघारीच हाय, निस्ती मोठी केलीन.” उघाडी म्हणजे खारभूमीच्या बांधातली झडप. पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि खारं पाणी शेतात येऊ द्यायचं नाही, यासाठी कोकणपट्टीतले शेतकरी ती पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. त्या दिवसापासून मी ‘डच’ म्हणणं सोडलं. ज्यांच्या खाजणावर आपण राहतो त्यांची विद्या आपल्याला पायाखालीसुद्धा दिसू नये, याचं मला फार वाईट वाटलं.

अडचण कुठे येते? मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की झडपा बंद, आणि सगळं पाणी तलावालाच पोटात घ्यावं लागतं. तलाव खोल असेल तर निभावतं. पण वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, गाळावर खारफुटी रुजली. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे आणि २०१८ च्या निकालानुसार सार्वजनिक कामासाठीसुद्धा ती तोडायची तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. मला दोन्ही हवंय. खारफुटी आहे म्हणून खाडीत मासळी वाढते, बांधालाही आधार मिळतो. हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात तो ठाणे खाडीचा पट्टा २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पण तलाव उथळ राहिले तर पाणी घरात येणार. आमच्या घरात एका जुलैमध्ये आलं. पोटरीएवढं होतं. गव्हाचा डबा आणि मुलीची वह्या-पुस्तकं वाचवता आली, गाद्या गेल्या. ओहोटी लागल्यावर तासा-दीडतासात पाणी जसं आलं तसं उतरलं, तेव्हा उघाडी काय करते हे डोळ्यांनी पाहिलं.

एरवी इथे राहणं मला मनापासून आवडतं. रुंद रस्ते, झाडं, संध्याकाळी तलावाकाठी गार वारा, ओहोटीला चिखलात उड्या मारणारे निवटे मासे. हवा खारी आहे, लोखंड गंजतं, जुन्या इमारतींचं प्लॅस्टर सुटतं, तेवढं धरून चाला.

घर बघायला उन्हाळ्यात येऊ नका. आषाढ-श्रावणातल्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला, पाऊस पडत असताना, दुपारी बाराच्या सुमाराला या. कोकणातला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्या वेळी गल्लीत पाणी कुठवर चढतं ते बघा, तळमजल्याच्या भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ आहे का ते बघा, आणि सोसायटीच्या वॉचमनला विचारा. तो खरं सांगतो. शक्य असेल तर पहिल्या मजल्याच्या वर घ्या.