खारीचे पट्टे नीट मोज

सस्तन प्राणी बघायचे म्हणून लगेच गीरचं तिकीट काढू नकोस. सकाळी बडोद्यातल्या कमाटीबागेत ये आणि एकाच झाडाखाली अर्धा तास बूड टेकून बस. खारीच्या पाठीवरचे पट्टे मोज. रामाची तीन बोटं गोष्टीत ठीक. आपल्या बडोद्याच्या खारीला पाच पट्टे असतात. कडेचे दोन फिके, म्हणून नवखे चुकतात. (मीही वहीत वर्षभर तीनच लिहीत होतो!) ‘चिक् चिक्’ करताना शेपटी कशी झटकते, तेही टिपून ठेव.

वाटेत भरवाडांची मेंढरं आडवी आली तर हॉर्न वाजवत बसू नकोस, डोळे बघ: बाहुली आडवी, पट्टीसारखी. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, नुसती टणक हिरडी.

आणि खारीला गाठिया घालू नकोस बाबा.