तीन शहरांत नऊ सर्व्हर: क्लस्टर एक करावा की तीन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अमरावती, नागपूर आणि पुणे इथे प्रत्येकी तीन होस्ट आहेत, म्हणजे व्हीएम (सॉफ्टवेअरनं बनवलेले आभासी संगणक) चालवणारे सर्व्हर. त्यासाठीच्या व्हीएमवेअर या सॉफ्टवेअरचं नूतनीकरण परवडेनासं झालंय, प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जायचंय. तर नऊही होस्टचा एकच क्लस्टर (एकत्र बांधलेला गट) करून गावातून एकट्यानं सांभाळता येईल का?

सांभाळता येईल. एकच क्लस्टर मात्र करू नका.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून हेच काम करतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी आलो तो परत पुण्याला गेलोच नाही. आमचे सर्व्हर नागपूर, यवतमाळ आणि पुण्यात आहेत, आणि तुम्ही जे करायला निघालात ते मी एकदा करून बसलोय. नागपूरचे दोन आणि यवतमाळचे दोन असे चार नोड (गटातले सर्व्हर) एका क्लस्टरमध्ये बांधले होते. एकाच पडद्यावर चारही हिरवे दिसायचे, व्हीएम इकडून तिकडे ढकलता यायची. साहेबांना दाखवायला फार छान.

मग जूनमध्ये, ऐन पेरणीत, रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीनं फायबर तोडला. मी वावरात होतो. आधी यवतमाळचा फोन आला, दोन मिनिटांत नागपूरचा. वीज होती, सर्व्हर धडधाकट होते, डिस्क चांगल्या होत्या, आणि तरी दोन्हीकडचं सगळं बंद. नागपूरच्या लोकांचा तर यवतमाळशी काडीचा संबंध नव्हता.

झालं असं. क्लस्टरमध्ये प्रत्येक नोडला एक मत असतं आणि बहुमत असेल तरच काम चालतं. त्याला कोरम म्हणतात. चार मतांचं बहुमत म्हणजे तीन. तार तुटल्यावर दोन्हीकडे दोन-दोनच उरली, म्हणजे बहुमत कोणाकडेच नाही. त्यात मी हौसेनं एचए, म्हणजे एक नोड पडला की त्याच्या व्हीएम दुसऱ्यावर आपोआप उठवायची सोय, चालू ठेवलेलं. ज्या नोडवर एचएच्या व्हीएम चालू आहेत तो कोरमबाहेर पडला की साधारण एका मिनिटात त्याचा वॉचडॉग (राखणदार टायमर) त्यालाच रीसेट करतो. हेतू चांगला आहे: तीच व्हीएम दोन ठिकाणी एकाच वेळी चालू होऊ नये. पण आमच्याकडे चारही नोड एकदम रीस्टार्ट झाले, उठले, कोरम नाही म्हणून एकही व्हीएम चालू करेनात, आणि तसेच बसून राहिले.

सुटका 'पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड २' या कमांडनं झाली. म्हणजे आता दोनच मतं धर, असं नोडला सांगायचं. ही कमांड फक्त एकाच बाजूला द्यायची असते. घाईत दोन्हीकडे दिली आणि एचएनं तीच व्हीएम दोन्हीकडे उठवली, तर दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी पडत जातात आणि नंतर खरी वही कोणती हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. त्या दिवशी मी धुऱ्यावर बसून, मोबाइलवर, नागपूरच्या पोराला अक्षर-अक्षर सांगत होतो आणि यवतमाळवाल्याला 'तू काहीच नको करू बाप्पा' म्हणून थांबवत होतो. मग जेसीबीवाले जेवून आले आणि त्यांनी तीच केबल दुसऱ्या जागी तोडली. ते असो.

तुमच्याकडे नऊ मतं आहेत, विषम आहेत, मग असं होणार नाही असं वाटेल. अमरावती तुटली तर नागपूर आणि पुण्याची सहा मतं चालू राहतील हे खरं. पण अमरावतीचे तीनही होस्ट, स्वतः ठणठणीत असून, बसतील. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. प्रॉक्समॉक्सच्या क्लस्टरमागे नोडांना एकमेकांशी बोलतं ठेवणारं कोरोसिंक चालतं आणि त्याला नोडांमधली लेटन्सी, म्हणजे निरोप जाऊन-यायचा वेळ, ५ मिलिसेकंदांच्या आत लागते. फायबरमधून उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. नागपूर-पुणे अंतर सरळ रेषेत ६०० किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद नुसत्या उजेडाच्या प्रवासालाच गेले, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. यात ना तुमच्या स्विचचा दोष, ना लाइनवाल्याचा. नागपूर-अमरावती हे कागदावर बसतं, पण लाइन तुटून ट्रॅफिक लांबच्या वाटेनं वळलं की आमच्याकडचा पिंग (तोच जाऊन-यायचा वेळ) चाळीस मिलिसेकंदांच्या घरात जायचा. कोरोसिंकला तेवढं पुरतं, नोड आत-बाहेर करायला लागतात.

तेव्हा प्रत्येक ठिकाणी तीन होस्टचा स्वतंत्र क्लस्टर करा. कोरम तिथल्या तिथे, एक होस्ट गेला तरी चालतं. कुठे दोनच होस्ट असतील तर तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस लावा, ते एखाद्या लहानशा जुन्या मशीनवर किंवा दुसऱ्या शहरातही चालतं, कारण त्याला लेटन्सीचं एवढं वावडं नाही. सगळं एका पडद्यावर पाहायची हौस प्रॉक्समॉक्स डेटासेंटर मॅनेजर भागवतो. २०२५ च्या डिसेंबरात त्याची १.० आवृत्ती आली. वेगवेगळे क्लस्टर एकत्र दाखवतो, एका क्लस्टरमधून दुसऱ्यात व्हीएमही हलवतो, आणि मुख्य म्हणजे तो बंद पडला तरी खालच्या क्लस्टरला पत्ताही लागत नाही.

क्लस्टर वेगळे केले म्हणून ठिकाणं स्वतंत्र झाली असं मात्र नाही. आमचं दुसरं फजितीचं प्रकरण याचंच. तीन क्लस्टर केले, आणि लॉगिनचा सर्व्हर आणि डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सोय) एकट्या पुण्यात. पुण्याची लाइन गेली की यवतमाळचे सर्व्हर चालू, पण लॉगिन कोणालाच होईना. डीएनएस, घड्याळ जुळवणारा एनटीपी, लॉगिन आणि बाहेर जायचा गेटवे या चार गोष्टी प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या पाहिजेत. एकदा मुद्दाम रविवारी लाइनची तार काढून पाहा, काय काय अडतं ते लगेच कळेल.

आयपी, म्हणजे मशीनच्या नेटवर्क पत्त्यांची सुरुवात, आधीच वाटून घ्या: अमरावती १०.१०, नागपूर १०.२०, पुणे १०.३०. व्हीएमचे नंबरही तसेच, हजारपासून, दोन हजारपासून, तीन हजारपासून. क्षुल्लक वाटेल, पण स्वतंत्र क्लस्टर सगळेच १०० पासून मोजायला लागतात आणि सगळ्यांचा बॅकअप एकाच बॅकअप सर्व्हरच्या एकाच जागी गेला की अमरावतीची १०५ आणि पुण्याची १०५ एकाच गटात पडतात. बॅकअप सर्व्हरमधले नेमस्पेस (कप्पे) वेगळे ठेवले तर हे टळतं. दोन्ही करा.

आता प्रतींबद्दल, कारण खरं काम तिथेच आहे. प्रॉक्समॉक्सचं अंगचं स्टोरेज रेप्लिकेशन (व्हीएमच्या डिस्कची प्रत दुसऱ्या नोडवर ठेवत राहणं) झेडएफएस या फाइलसिस्टिमवर आणि एकाच क्लस्टरच्या आत चालतं. तीन क्लस्टर केल्यावर ते शहराबाहेर जाणार नाही. मग प्रत्येक ठिकाणी प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर ठेवायचा, स्थानिक बॅकअप तिथे, आणि दुसऱ्या शहरातल्या बॅकअप सर्व्हरनं तो ओढून न्यायचा. ओढून न्यायचा म्हणतोय, ढकलायचा नाही. उद्या अमरावतीत रॅन्समवेअर शिरलं तर त्याच्या हाती नागपूरच्या प्रती पुसायची किल्ली नसली पाहिजे. आणि डेटाबेस ज्यात आहे त्या व्हीएमसाठी पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलचं स्वतःचं रेप्लिकेशन वापरा, अख्खी व्हीएम दर दहा मिनिटांनी पाठवत बसू नका.

हिशेब आधी कागदावर मांडा. १० एमबीपीएसची (सेकंदाला १० मेगाबिटची) लाइन चोवीस तास भरून वाहिली तरी दिवसाला १०८ जीबी जातात, त्याहून एक थेंब जास्त नाही. तुमचा रोजचा बदल ६० जीबी असेल तर जमेल, १५० असेल तर कधीच जमणार नाही, मग कॉम्प्रेशनचे कितीही मंत्र म्हणा. पहिली प्रत तर या लाइनवरून पाठवूच नका. आमची पहिली प्रत २ टीबी होती, म्हणजे कमीत कमी साडेअठरा दिवस. मी यवतमाळला जाऊन ती एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर घेतली आणि एसटीनं नागपूरला नेली. चार-एक तासांत पोचली. २ टीबी चार तासांत म्हणजे हजार एमबीपीएसच्या वर वेग झाला, लाल परीचा. त्यानंतर फक्त बदललेले तुकडे लाइनवरून जातात.

व्हीएमवेअर सोडण्याबद्दल तुम्ही फार लिहिलंय, मी थोडंच लिहितो. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी घेतली, महिन्याभरात कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलं, आणि कोअरवर (प्रोसेसरच्या गाभ्यांवर) पैसे मोजताना दर प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरतात. आपल्यासारख्या ८ कोअरवाल्यांना ते लागतंच. प्रॉक्समॉक्सच्या ८.२ आवृत्तीपासून व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवरून व्हीएम सरळ आयात करता येते. विंडोजच्या व्हीएममध्ये व्हर्टआयओचे (प्रॉक्समॉक्सच्या आभासी डिस्क आणि नेटवर्कचे) ड्रायव्हर निघायच्या आधीच टाका, नाहीतर पलीकडे जाऊन निळी स्क्रीन पाहत बसाल. आणि लाइव्ह मायग्रेशन, म्हणजे चालू व्हीएम न थांबवता दुसऱ्या होस्टवर नेणं, हवं असेल तर व्हीएमला सीपीयूचा प्रकार 'होस्ट' देऊ नका, नव्या-जुन्या प्रोसेसरांत चालेल असा समान प्रकार द्या.

आपल्या भागाची म्हणून एक गोष्ट. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंशांची असावी अशी शिफारस आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं. एसी बिघडला म्हणून एका ठिकाणी भल्या माणसानं सर्व्हरच्या खोलीत वाळ्याचा कूलर लावला होता, खिडकी बंद करून. हवा थंड झाली खरी, पण खोलीतली भिंत हाताला ओली लागत होती. कूलर नकोच. एसी दोन ठेवा, ते आलटून पालटून चालवा, आणि तापमान ३२ च्या वर गेलं की बिनमहत्त्वाच्या व्हीएम आपोआप बंद व्हाव्यात असं करून ठेवा. यूपीएसला 'नट' हे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर जोडा: बॅटरी अर्ध्यावर आली की आधी व्हीएम, मग होस्ट, शेवटी स्टोरेज बंद. वीज आल्यावर उलटा क्रम, आणि मध्ये थोडी थोडी वाट. लोडशेडिंगनंतर सगळं एकदम उठलं की डेटाबेसच्या आधी अॅप्लिकेशन उठतं आणि रुसून बसतं.

गावातून सांभाळायचं तर तिन्ही ठिकाणी थेट आत जाणारा वायरगार्डचा (व्हीपीएनचा) स्वतंत्र बोगदा पाहिजे. पुण्यातून सगळीकडे जायचं ठेवलं तर पुणं गेल्या दिवशी तुम्ही तिघांच्याही बाहेर. शिवाय सर्व्हरचं आयलो किंवा आयड्रॅक (सर्व्हर बंद असला तरी तो दुरून हाताळायची सोय) एका वेगळ्या सिमवाल्या राउटरवर ठेवा, मुख्य लाइनवर नाही. माझ्याकडे घरी एक फायबर आणि दोन कंपन्यांची सिमं आहेत, त्यातलं एक फक्त गच्चीवर चालतं. बाबा एकदा म्हणाले, 'गावात लाइन नाही तं तुह्यं काम कसं चालते रे?' मी म्हटलं, बाबा, माझं काम अशानंच चालते, लाइन जाते म्हणूनच मला ठेवलंय. अपडेट एका वेळी एकाच शहरात करा, दोन आठवडे पाहा, मग पुढचं शहर.

महिन्यातून एकदा एक व्हीएम दुसऱ्या शहरात, बंद नेटवर्कवर, बॅकअपमधून उठवून पाहा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. साहेब 'किती वेळात चालू होईल' विचारतात तेव्हा तोच आकडा सांगायचा. आमचा पहिला आकडा पाच तासांचा होता, मी तोंडी 'अर्धा तास' सांगत आलो होतो.

कोणती व्हीएम आधी, कोणाला फोन, आयलोचे पत्ते काय, हे सगळं आम्ही व्यवस्थित विकीवर लिहिलेलं होतं. जेसीबीच्या दिवशी लक्षात आलं की विकी ज्या व्हीएमवर होती तीच बंद आहे. तेव्हापासून दोन पानं छापलेली असतात. एक प्रत नागपूरला रॅकच्या दाराला आतून, एक यवतमाळला, एक पुण्याला आणि एक घरी, बाबांच्या सातबाराच्या फाइलमध्ये, कारण आमच्या घरात तेवढी एकच फाइल कधी हरवत नाही.